चंद्राच्या नावावरची सायकल

पुण्याहून कन्याकुमारीला सायकलवर निघालेली बावीस माणसं सकाळी दहाच्या सुमाराला चंद्राबाईच्या दारात न्याहारीला येणार होती, आणि त्या बावीस जणांत तिची सख्खी धाकटी बहीण होती. म्हणून चंद्राबाई पहाटे चारलाच चुलीपुढं बसली. डिसेंबरातली थंडी, धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा, आणि परातीत तांदळाचं अन् नाचणीचं पीठ. साठ-सत्तर भाकऱ्या थापायच्या होत्या. सासू सोजराबाई पलीकडं बसून लसूण सोलत होती आणि मधूनमधून विचारत होती की एवढ्या लांब सायकलवर जाऊन ही माणसं तिथं करणार काय. चंद्राला तरी कुठं ठाऊक होतं. ताटं महिला बचत गटाची आणली होती. तिची पोरगी सोनिया दहावीला. मावशी येणार म्हणून घरी थांबायचं तिच्या फार मनात होतं, पण सराव परीक्षेचा पेपर होता. ती तोंड फुगवून पहिल्या यस्टीनं गेली. नवरा सोमेश्वर कापूरहोळच्या एका ढाब्यावर आचारी होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. घर, सासू आणि अकरा शेळ्या चंद्राच्याच जिवावर होत्या.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून असलेल्या या धनगरवाड्यात ती लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली. माहेर तिचं वेल्ह्याकडं, गुंजवण्याच्या वर डोंगरात. तिथंही धनगरवाडाच. बाप हैबती ढेबे, पोरींचे आबा, म्हशी राखायचा आणि खवा करून खाली विकायचा. पोटाला दोन मुलीच, थोरली चंद्रा आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान रत्ना. चौथीपर्यंतची शाळा गुंजवण्यात होती, पुढं विंझरचं हायस्कूल, आठ-नऊ किलोमीटरवर. चंद्रा ते पायी जायची. आठवीत गेली तेव्हा लांबून येणाऱ्या मुलींना सरकारच्या योजनेतून सायकली मिळाल्या, त्यांतली एक तिला मिळाली. काळी, बिनदांडीची, पुढं जाळीची टोपली. अदलाबदल होऊ नये म्हणून शाळेच्या शिपायानं प्रत्येक सायकलीच्या चेनकव्हरवर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं होतं. कु. चंद्रा हैबती ढेबे. कागद सोडून कुठं आपलं नाव लिहिलेलं तिनं तोवर पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी रत्नाची चौथी झाली होती. एवढ्याशा पोरीला नऊ किलोमीटर कोण चालवणार, म्हणून तिला घरी ठेवायचं आबांच्या मनात होतं. चंद्रा म्हणाली, मी नेते मागं बसवून. सायकल डोंगरावर चढायची नाही, ती खाली गुंजवण्यात ओळखीच्या सखूबाईच्या पडवीत ठेवलेली असायची. दोघी बहिणी अर्धा तास उतरून खाली यायच्या, तिथून चंद्रा पायडल मारायची आणि रत्ना मागच्या कॅरेजवर दोन्ही दप्तरं पोटाशी धरून बसायची. चढ आला की चंद्रा उतरून ढकलायची, पण रत्नाला उतरवायची नाही. रत्नाचे पाय तेव्हा काडीसारखे होते. सुट्टीत भात काढलेल्या खाचरात चंद्रानं तिला सायकल शिकवली. ते सगळं मिळून दीड वर्ष चाललं.

चंद्रा नववीत असताना सहामाहीला वर्गात तिसरी आली. त्याच दिवाळीच्या मागंपुढं म्हशीमागं जाताना आबा घसरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. म्हशी राखायला माणूस नाही. एका संध्याकाळी आबांनी दोघींना पुढ्यात बसवलं आणि म्हणाले की तुमच्यातल्या एकीला घरी ऱ्हावं लागंल. रत्ना खाली मान घालून बोटानं जमीन उकरत होती. चंद्रा म्हणाली, म्या ऱ्हाते.

तिला वाटलं होतं, आई म्हणेल, अगं तुझी नववी आहे. आबा म्हणतील, वर्षाची गोष्ट आहे, पुढच्या साली जा. निदान रत्ना तरी काही म्हणेल. कुणीच काही म्हणालं नाही. आईनं उठून म्हशींना पाणी दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून रत्ना एकटी खाली उतरली आणि चंद्राच्या नावाच्या सायकलीवर शाळेत जायला लागली. वर्गातल्या पोरी तिला चंद्रा म्हणून चिडवायच्या, आणि ती घरी येऊन रडायची. चंद्रा म्हशी वळवताना वरच्या कड्यावरून बघायची, खाली रस्त्यावर एक काळा ठिपका पळताना दिसायचा. पुढं सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सायकल बरीच वर्षं चालली आणि शेवटी भंगारवाल्यानं नेली. रत्ना बारावी झाली, नर्सिंगला गेली, पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात लागली. तिकडंच तिचं लग्न झालं.

एवढ्या वर्षांत चंद्राच्या मनात या गोष्टीचं काही नव्हतं असं नाही. पण ते बसलेलं होतं, तळाला गाळ बसतो तसं. बहीण शिकली, तिचं बरं झालं, असं ती चार बायकांत सांगायची आणि सांगताना तिला खरोखरच बरं वाटायचं. गाळ ढवळला तो त्या व्हिडिओनं.

दोन आठवड्यांपूर्वी सोनियानं मोबाईल आणून दाखवला होता. सायकलवाल्यांच्या संस्थेनं प्रत्येक स्वाराचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ काढला होता. रत्ना त्यात डोक्यावर शिरस्त्राण घालून उभी होती आणि शुद्ध बोलत होती. मी डोंगरातल्या धनगरवाड्यातली. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मला शाळेतून सायकल मिळाली आणि मी रोज एकटी अठरा किलोमीटर जाऊन येऊन शिकले. त्या सायकलनं मला इथवर आणलं, आता मी सायकलवरच कन्याकुमारीला चाललेय. खाली हजारो लोकांनी हात जोडले होते, अंगठे दाखवले होते.

चंद्रानं तो पाच वेळा बघितला. सोनियाला वाटलं आईला मावशीचं कौतुक आहे. चंद्रा एकाच शब्दाशी अडकली होती. एकटी.

सवादहाला रस्त्यावर शिट्टी वाजली आणि वळणावरून सायकली दिसायला लागल्या. एकाच रंगाचे पिवळे सदरे, अंगाला चिकटलेले. रत्ना मधोमध होती. सायकल भिंतीला टेकवून ती धावतच आली आणि आक्का म्हणून गळ्यात पडली. तिच्या अंगाला घामाचा आणि कसल्याशा मलमाचा वास येत होता. चंद्रानंही तिला घट्ट धरली. त्या घटकेला तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

शिवानी नावाची मुलगी टोळीचं चित्रीकरण करायची. तिनं चंद्राला ओवाळायला सांगितलं. चंद्रानं ताट तयार ठेवलंच होतं. कुंकू लावलं, दिवा ओवाळला, तर शिवानी म्हणाली की तुमची सावली बहिणीच्या तोंडावर पडली, पुन्हा एकदा करा. कुंकू पुसून पुन्हा लावलं. मग तिनं चंद्राला तुळशीपाशी उभं केलं आणि विचारलं, बहिणीचा अभिमान वाटतो ना?

"वाटतो की," चंद्रा म्हणाली. शिवानीनं मान डोलावली. चंद्रा थांबली असती तर तिथंच संपलं असतं. पण ती पुढं बोलली. "सायकल माजी व्हती. म्या चालवायची आन् ही मागं बसायची. माजं नाव लिवलं व्हतं तिच्यावर."

शिवानीनं मोबाईल खाली केला. ती काही उर्मट मुलगी नव्हती. छान सांगितलंत ताई, म्हणाली, आता फक्त अभिमान वाटतो एवढंच पुन्हा बोला, वेळ कमी असतो. चंद्रानं रत्नाकडं बघितलं. रत्ना ओसरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती, आणि ती नाडी सुटायला तिला फार वेळ लागत होता.

पानं वाढली. माणसं भुकेली होती, पिठल्यावर आणि ठेच्यावर तुटून पडली. शहरातली ती माणसं, कुणी डॉक्टर, कुणी कंपनीतला साहेब, पण जेवताना सगळी पोरांसारखी झाली होती. चंद्राला वाढताना समाधान वाटलं. जेवण झाल्यावर काहीजण धरणाच्या पाण्याचे फोटो काढायला गेले. टोळीचा म्होरक्या स्वरूप, चाळिशीचा, कामापुरतं बोलणारा माणूस, त्यानं घड्याळ बघून पंधरा मिनिटं दिली.

तेवढ्यात रत्नानं सुचवलं की आक्कानं घाटमाथ्यापर्यंत आपल्याबरोबर यावं. सामानाच्या टेम्पोत पुढं जागा होती. कोकणात उतरायच्या आधी वाघजाईला नारळ फोडायचा आहे, तो तुझ्या हातानं फुटू दे, असं ती म्हणाली. सोजराबाई कुरकुरली. ताटं तशीच पडली होती, शेळ्या अजून गोठ्यातच ओरडत होत्या. पण चंद्राला घरातल्या गर्दीत बहिणीशी दोन शब्द बोलता आले नव्हते आणि ते बोलल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. शेळ्या शेजारच्या बाळाबाईच्या हवाली करून ती टेम्पोत चढली. परत कसं यायचं हे तिनं विचारलं नाही. नेणारी माणसं आणून सोडतील, असंच कुणीही धरून चालतं.

टेम्पोचा ड्रायव्हर ज्ञानू कापूरहोळचाच होता, साठीला आलेला. मागं केळ्यांचे घड, पाण्याचे जार, सतरंज्या, दोन जादा चाकं. टेम्पो सगळ्यांच्या मागं, पायी चालल्यासारखा जायचा. ज्ञानू म्हणाला, "बाई, आपल्याला चालायला नगं वाटतं आन् ही लोकं पाय दुखवून घ्यायला पैसं भरत्यात." चंद्रा हसली. त्याला तिच्या नवऱ्याचा ढाबा माहीत होता. तो मग डिझेलचं आणि घाटातल्या दरडींचं बोलत राहिला.

चढ सुरू झाला तशी रत्ना मागं पडत गेली. टेम्पोच्या काचेपुढं पन्नास पावलांवर तिची पाठ दिसत होती, पिवळ्या सदऱ्यावर घामाचा मोठा काळपट डाग. तिचे पाय आता काडीसारखे नव्हते. भरलेले, पिळदार पाय. एका चढावर ती हेलकावे खायला लागली तेव्हा चंद्राचा उजवा पाय टेम्पोच्या पत्र्यावर आपसूक दाबला गेला, मग डावा. ज्ञानूनं बघितलं आणि गियर बदलला. रत्ना तो चढ चढली. उतरली नाही. चंद्राला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी व्हिडिओतलं ते एकटी मनात आलं. दोन्ही एकदमच आलं.

एका वळणावर टोळी थांबली. ज्ञानू गियरशी खटपट करत होता म्हणून चंद्रानंच उतरून केळी वाटली, पाणी ओतलं. सकाळी तिच्याच दारात जेवलेल्या एका बाईनं तिला मावशी म्हणून हाक मारली आणि बाटली पुढं केली. ती बाई चंद्राहून दहा वर्षांनी तरी थोरली असेल. दुसऱ्या एकानं केळ्याचं साल तिच्या हातात दिलं आणि थँक्यू म्हणाला. पुढच्या वळणावरही तसंच. तिसऱ्या वळणापर्यंत सगळ्यांना ती टेम्पोबरोबरची बाईच झाली होती. रत्ना आली, तिनंही बाटली भरून घेतली, तोंडावर पाणी मारलं, आणि धापा टाकत विचारलं, "कसं वाटतंय आक्का?" चंद्रा म्हणाली, चांगलं वाटतंय.

दीडच्या सुमाराला माथा आला. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत, समोर खोल कोकण दिसतं. चंद्रानं नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. मग टोळी फलक धरून फोटोला उभी राहिली. चंद्रा देवळाच्या पायरीवर बसून राहिली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं.

फोटो झाल्यावर रत्ना चहाचे दोन कप घेऊन आली. दोघी कठड्यापाशी जाऊन बसल्या. खाली वानरं फिरत होती.

चंद्रानं फार घोळवलं नाही. "त्या व्हिडिओत तू एकटी म्हनलीस," ती म्हणाली.

रत्नाला बहुतेक हे येणार हे माहीत होतं. ती म्हणाली, एकच मिनिट असतं. त्यांना थोडक्यात पाहिजे असतं. ते विचारतात तसं आपण बोलतो.

"माजं नाव घ्याया किती येळ लागला असता?"

रत्नानं कप खाली ठेवला. शहरातलं बोलणं तिच्या तोंडून सुटत चाललं. पहिल्यांदा घेतलं होतं की तुझं नाव, ती म्हणाली, तालमीच्या वेळी. त्यावर त्या लोकांनी लगेच विचारलं, मग तुमची बहीण आता काय करते? "त्याला मी काय सांगू आक्का?"

"सांगायचं, शेळ्या राखती म्हनून. त्यात कसली लाज हाय?"

"लाज नाही गं. पण मग सगळी गोष्टच फिरते. मग मी शिकले हे राहतं बाजूला, आणि तुझं काय झालं तेच विचारत बसतात."

"विचारू द्यात की. आजपातूर कुनी विचारलं न्हाई."

 रत्नाचा आवाज चढला. मी काय तुझी शाळा सोडवली का, ती म्हणाली. मी बारा वर्षांची होते. आबांनी विचारलं, आईनं ऐकलं, सगळे होते तिथं. माझ्या एकटीच्या डोक्यावर का? आणि मग जे बोलायला नको होतं ते ती बोललीच. "तूच म्हणालीस ना, म्या ऱ्हाते म्हणून."

हे खोटं नव्हतं. एवढी वर्षं चंद्रानं मनातल्या मनात आबांशी भांडण केलं होतं, आईशी केलं होतं, रत्नाशीही केलं होतं, पण प्रत्येक वेळी भांडण येऊन त्या दोन शब्दांशी अडायचं. ते तिचे स्वतःचे होते. तिनं चहाकडं बघितलं. चहावर साय धरली होती. तिला सांगायचं होतं की मी म्हणाले ते तू नको म्हणावंस म्हणून. पण इतक्या वर्षांनी हे सांगून उपयोग काय, आणि बारा वर्षांच्या पोरीनं ते कसं ओळखावं, हेही तिला कळत होतं. कळत असल्यामुळं अधिकच लागत होतं. नुसता राग आला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शिट्टी झाली. स्वरूप सगळ्यांना उताराचं समजावत होता. ब्रेक तपासा, अंतर ठेवा, मोबाईलला रेंज नाही, टेम्पो शेवटच्या सायकलीच्या मागंच राहील, कुणीही टेम्पोच्या मागं पडायचं नाही. रत्ना त्याच्याकडं गेली आणि म्हणाली की माझ्या बहिणीला परत घरी सोडायचंय. स्वरूपनं कपाळाला हात लावला. त्याच्या यादीत हे नव्हतं. टेम्पो मागं गेला तर दीड तास मोडणार आणि उतारावर बावीस माणसं टेम्पोवाचून राहणार. त्यानं चंद्रालाच विचारलं की इथून यस्टी असते ना.

"असती की चारला," चंद्रा म्हणाली. "तुमी व्हा फुडं. म्या थांबते हितं."

रत्ना तिच्याकडं बघत राहिली. डोळे भरले होते तिचे, ते चंद्राला दिसले. एक क्षण असं वाटलं की ती सायकल टाकून देईल आणि म्हणेल, मीही थांबते यस्टी येईपर्यंत. मग तिनं शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली आवळला, चंद्राच्या खांद्यावर हात ठेवला, पोचलीस की सोनियाला मेसेज करायला सांग, म्हणाली, आणि गेली. उताराला सायकली बघता बघता दिसेनाशा झाल्या. शेवटी टेम्पो. ज्ञानूनं जाताना सहा केळी एका पिशवीत घालून तिच्या हातात दिली आणि तो ओशाळल्यासारखा हसला.

चार वाजले. साडेचार वाजले. टपरीवाल्या सगुणाबाईनं शेवटी विचारलं की बाई, कुठं जायचंय. हिर्डोशीचं नाव ऐकून ती म्हणाली, खाली कोकणाच्या बाजूला रस्त्याचं काम काढलंय, लहान गाड्या तेवढ्या सोडतात, चार दिवस झाले महाडकडची यस्टी बंद आहे. आधी का न्हाई इचारलंस? तिनं दोन भजी कागदात बांधून दिली. एक मोटारसायकलवाला होता, तोही उलट्या बाजूला जाणारा निघाला.

चंद्रा चालायला लागली. अकरा-बारा किलोमीटर. चालण्याचं तिला काही नवल नव्हतं, जन्म त्यातच गेला होता. पण ते चालणं शेळ्यांमागचं असायचं, कामाचं असायचं. आज ती ओवाळायला काढलेली ठेवणीतली साडी नेसून, हातात केळ्यांची पिशवी घेऊन, काही कारण नसताना चालत होती. सकाळी टेम्पोच्या काचेतून बघितलेली वळणं उलटी येत होती. एका वळणावर तिनंच वाटलेल्या केळ्यांची सालं पडली होती. ती तिनं पायानं कडेला सारली. मग थांबून स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "आता ह्यी बी म्याच काडायची का?" आणि सालं तशीच टाकून पुढं गेली.

दिवेलागण होऊन गेल्यावर ती घरी पोचली. सोजराबाई दारात बसली होती. शेळ्या बाळाबाईनं आणून कोंडल्या होत्या. ताटं सकाळी होती तशीच ओसरीला पडलेली, पिठलं वाळून घट्ट झालेलं. सोनियानं भांडी घासायला घेतली होती, पण सासू म्हणाली पोरीचा उद्या पेपर आहे. चंद्रानं साडी बदलली आणि राख घेऊन बसली. एकेक ताट घासून, मोजून, तिनं बचत गटाच्या गोणीत भरलं. सोनियाला राहवेना म्हणून ती शेजारी येऊन बसली. आजीनं तिला सकाळचं सगळं सांगितलं होतं.

"आई, सायकल तुजी व्हती व्हय?"

"व्हय."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

 चंद्रानं हातातलं ताट मोजून गोणीत टाकलं.

आठवड्यानं व्हिडिओ आला. त्यात चंद्रा तुळशीपाशी उभी होती. वाटतो की, एवढं ती म्हणाली, आणि मग तिचे ओठ हलत राहिले आणि त्यावर बासरी वाजत राहिली. चित्रीकरण मात्र सुरेख होतं. वाडीतल्या बायकांनी येऊन सांगितलं की चंद्रे, तू टीव्हीतल्या बायांसारखी दिसलीस. पंधराव्या दिवशी रत्नानं कन्याकुमारीहून फोन करून समुद्र दाखवला. मागं माणसं नाचत होती. चंद्रानं समुद्र बघितला, जेवलीस का म्हणून विचारलं, आणि रेंज जातीय म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

परत आल्यावर रत्नाचा दवाखान्यात सत्कार झाला. त्या वेळी मी तुझं नाव घेतलं गं, पेपरवाल्यांनी छापलं नाही, असं तिनं फोनवर सांगितलं. घेतलंही असेल. चंद्रानं खोलात विचारलं नाही. त्यानंतर दर रविवारी रत्नाचा फोन यायला लागला, पूर्वी महिना-महिना यायचा नाही. चंद्रा शेळ्यांचं सांगायची, सासूच्या डोळ्यांचं सांगायची.

सोनियाला दहावीला एक्याऐंशी टक्के पडले. रत्नानं त्याच दिवशी फोन केला आणि म्हणाली, पोरगी माझ्याकडं पाठव, अकरावी-बारावी मी करते तिची. सोमेश्वरला आनंद झाला. सोनिया तर उड्या मारायला लागली. चंद्रानं आठ दिवस ना हो म्हटलं, ना नाही. हो म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. भोरच्या कॉलेजात घालायचं तर रोजच्या यस्टीचा भरवसा नाही, आणि वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. सोनियानं तिच्याशी बोलणं टाकलं. नवव्या दिवशी चंद्रानंच फोन लावला.

धाडते, ती म्हणाली. रत्ना खूश होऊन भराभर बोलायला लागली, कुठलं कॉलेज, कुठली खोली. चंद्रानं तिला मधेच थांबवलं.

"एकच सांगते. तिला घरात कामाला जुंपू नगंस."

  पलीकडून फोन कट झाला. चंद्राला वाटलं, आपण बोललो ते योग्य बोललो, आणि लगेचच वाटलं, आपण काय बोलून बसलो. पण तिनं पुन्हा फोन लावला नाही.

जूनच्या मधल्या आठवड्यात सोमेश्वर पोरीला पुण्याला पोचवून आला. रत्नानं रजा काढली होती, कॉलेजात ती स्वतः गेली, पोरीला दोन नवे ड्रेस घेतले, असं त्यानं सांगितलं. तुझ्याबद्दल काही बोलली नाही, तेही सांगितलं. तीन आठवडे रविवारचा फोन आला नाही. चौथ्या रविवारी आला तो सोनियाचा. ती कॉलेजचं सांगत होती, मागं कुणीतरी भांडी लावत होतं, त्यांचा आवाज येत होता. सोनिया म्हणाली, मावशी आहे इथंच, देऊ का? चंद्रा थांबली. भांड्यांचा आवाज बंद झाला. रत्नाही ऐकत असावी. मग चंद्रा पोरीला म्हणाली की आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तू काळजी करू नको, अभ्यास कर, आणि शेळ्या सोडायची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.